दारू सोडायची आहे? मग तिसऱ्या दिवसाची तयारी आधी करा

आषाढी एकादशी होऊन तीन दिवस झाले होते. रात्री अकराच्या सुमारास एका चाळीस-बेचाळीस वर्षांच्या शेतकऱ्याला चौघांनी धरून रुग्णालयात आणले. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते, नाडी जोरात चालली होती. भिंतीवरून मुंग्या उतरताहेत असे म्हणून तो अंगावरचे नसलेले किडे झटकत होता. समोर उभ्या असलेल्या सख्ख्या भावाला त्याने ओळखले नाही. घरच्यांनी दुपारी त्याला गावातल्या देवऋषीकडे नेले होते. तिथे लिंबू उतरवून झाले, अंगारा लावून झाला. रात्री आकडी आली तेव्हा मंडळी घाबरून इकडे आली.

त्याच्या पत्नीने जे सांगितले ते आजच्या लेखाचे सार आहे. ती म्हणाली, "डॉक्टर, पंधरा वर्षं पीत होते, असं कधी झालं नाही. एकादशीला माळ घातली, दारूला शिवायचं नाही म्हणाले, अन् तिसऱ्या दिवशी येड लागलं!"

वाचकहो, त्या गृहस्थाला वेड लागले नव्हते आणि कुणाची करणीही नव्हती. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एका दिवसात, औषधाविना बंद केली म्हणजे जे होऊ शकते, तेच झाले होते. माळ घालण्याचा त्याचा निश्चय खरा आणि चांगला होता. फक्त त्या निश्चयाला औषधाची जोड नव्हती. ही जोड आपल्याच जिल्ह्यात, सरकारी रुग्णालयात मिळते, हे त्या घरात कुणालाही ठाऊक नव्हते. म्हणून आज याविषयी सविस्तर पाहू.

सोडल्यावर त्रास का होतो?

दारू मेंदूचे काम मंद करते. ती रोज पोटात जाऊ लागली की मेंदू तिच्याशी जुळवून घेतो. दारू खाली ओढते म्हणून मेंदू स्वतःला वर खेचत राहतो. उतारावर बैलगाडी खाली धावत असते आणि बैल मागे रेटून तिला धरून ठेवतात, तसेच हे आहे. आता गाडीचे ओझे एकाएकी काढून घेतले तर तेच बैल मागच्या मागे कोलमडतील. दारू एकदम बंद झाली की मेंदूचे असेच होते. त्याचा रेटा चालूच असतो, पण समोरचे ओझे गेलेले असते. मग सगळे शरीर उसळून उठते.

याचे साधारण वेळापत्रक असे असते:

१) शेवटच्या पेल्यानंतर सहा ते चोवीस तास: हात थरथरणे, घाम, मळमळ, छातीत धडधड, झोप न लागणे, चिडचिड. सकाळी उठल्याबरोबर "उतारा" घेतल्याशिवाय ज्यांचे हात स्थिर होत नाहीत, त्यांना हा अनुभव रोजचाच असतो.

२) पहिले दोन दिवस: काहींना आकडी येते. आयुष्यात पूर्वी कधीही फिट न आलेल्या माणसालाही ती येऊ शकते.

३) दुसरा ते चौथा दिवस: काहींना वेळ, जागा, माणसे यांचे भान राहत नाही. नसलेले किडे, साप, माणसे दिसतात, ताप चढतो, नाडी व रक्तदाब वाढतो. या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो.

प्रत्येकालाच तिसरा टप्पा येतो असे नाही. पुष्कळांचे थरथर आणि निद्रानाश यांवरच भागते. पण जो रोज पितो, ज्याला सकाळी उतारा लागतो, ज्याला पूर्वी सोडताना आकडी आली आहे, किंवा ज्याला यकृताचा, हृदयाचा आजार अथवा मधुमेह आहे, त्याने घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. आधी डॉक्टर, मग बंद, हा क्रम पाळावा. रुग्णालयात पोहोचेपर्यंत घरच्यांनीही "आज एक थेंब मिळणार नाही" असा हट्ट धरून त्याला खोलीत कोंडू नये.

रुग्णालयात काय करतात?

मेंदूची उसळी शांत करणारी औषधे ठरावीक मात्रेत देऊन ती पाच-सात दिवसांत हळूहळू कमी करत बंद करतात. ही औषधे डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायची असतात. शेजाऱ्याने दिलेली झोपेची गोळी हा त्यांचा पर्याय नव्हे, आणि त्या गोळीवर दारू घेणे तर जिवावर बेतू शकते.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन. जेवणापेक्षा दारूवर जगणाऱ्याच्या शरीरात ते फार कमी उरलेले असते. आपल्याकडे अशक्तपणा दिसला की "एक सलाईन लावा" असा आग्रह धरण्याची रीत आहे. पण थायमिन न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन चढवले, तर उरलेसुरले बी-१ वापरले जाऊन मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. तोल जाणे, डोळ्यांची हालचाल बिघडणे, गोंधळणे आणि पुढे स्मरणशक्ती कायमची जाणे, इथवर मजल जाऊ शकते. म्हणून कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी "हे रोज दारू घेतात" हे डॉक्टरांना आधी सांगा. ही गोष्ट लपवली तर त्याची किंमत रोग्याला मोजावी लागते.

मला व्यसन आहे का?

"मी रोज पितो, पण माझ्या कामावर परिणाम नाही" हे वाक्य आम्ही फार ऐकतो. "तळीराम" हे नाव आपण गडकऱ्यांच्या नाटकातून उचलले आणि रस्त्यात लोळणारा तेवढा व्यसनी, अशी सोयीची समजूत करून घेतली. त्यापेक्षा पुढील चार प्रश्न स्वतःला विचारा:

१) दारू कमी करायला हवी असे कधी वाटले आहे का?
२) कुणी पिण्यावरून बोलले की राग येतो का?
३) पिण्याबद्दल मनाला टोचणी लागते का?
४) सकाळी उठल्यावर हात स्थिर होण्यासाठी किंवा डोके उतरण्यासाठी घ्यावी लागते का?

यांपैकी दोन किंवा अधिक उत्तरे "होय" असतील तर डॉक्टरांना भेटण्याची वेळ आली आहे. चौथ्याचे उत्तर "होय" असेल तर ती टाळूच नका.

आपण एकटे नाही, हेही ध्यानात घ्या. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने देशभर पाहणी केली व तिचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज होती. दारूवर पूर्णपणे अवलंबून असलेल्यांपैकी दर ३८ माणसांत जेमतेम एकाला कसलातरी उपचार मिळाला होता. उरलेल्या सदतीस जणांमध्ये लाज होती, पैशाची भीती होती आणि जायचे कुठे याचे अज्ञान होते.

सरकारी सोय कुठे आहे?

आपल्या देशात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला. कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात बंगळूरच्या निमहान्स संस्थेने असे दाखवून दिले, की मनाच्या आजारांवरचा उपचार मोठ्या मनोरुग्णालयाबाहेर, जिल्ह्याच्या व गावाच्या पातळीवरही देता येतो. त्याच धर्तीवर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. व्यसनाचा उपचार हाही त्याचाच भाग आहे. आज पायऱ्या अशा आहेत:

पहिली पायरी, गावात: आशा ताई, उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी. इथे तपासणी होते आणि पुढे कुठे जायचे त्याची चिठ्ठी मिळते.

दुसरी पायरी, तालुक्याला: ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. जिल्ह्याचे मानसिक आरोग्य पथक ठरलेल्या दिवशी इथे येते. तो दिवस कोणता, हे केसपेपरच्या खिडकीवर आधी विचारून घ्यावे म्हणजे मजुरी बुडवून हेलपाटा होणार नाही.

तिसरी पायरी, जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपले "सिव्हिल": इथे मानसोपचार विभाग असतो. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका अशी पथकाची रचना असते. वर वर्णन केलेला त्रास होत असलेल्या रोग्याला भरती करावे लागते, ते इथे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत केलेले आहेत, केसपेपरलाही पैसे नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या खात्याकडे असल्याने तिथले दर विचारून घ्यावेत.

चौथी पायरी: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये. दारूबरोबर मनाचा दुसरा गंभीर आजार असेल तर येथे पाठवले जाते.

याशिवाय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्था चालवतात ती व्यसनमुक्ती व पुनर्वसन केंद्रे आहेत. तेथे काही आठवडे राहून उपचार घेता येतात आणि अनुदानित केंद्रांत ते मोफत देण्याची योजना आहे.

सरकारी जागा आणि समाजाची माणसे एकत्र आली म्हणजे काय घडते याचे उदाहरण पुण्यातच आहे. डॉ. अनिता अवचट या येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. पुण्यात गर्दचे व्यसन पसरू लागले तेव्हा त्यांनी व अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीने, २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच रुग्णालयाच्या आवारात "मुक्तांगण" सुरू केले. पुढे केंद्राची स्वतंत्र इमारत झाली. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तेथे नव्या रुग्णांची काळजी घेतात. हे मॉडेल महाराष्ट्रात अनेकांनी पाहिले आणि उचलले.

आणि फोन: "टेलिमानस" ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक कोणत्याही फोनवरून, चोवीस तास लावता येतो व मराठीतून बोलता येते. व्यसनमुक्तीसाठी वेगळा मोफत क्रमांक १४४४६ असा आहे. फोन रोग्यानेच करायला हवा असे नाही. पत्नी, आई, मुलगा कुणीही करू शकते. आकडी आली किंवा शुद्ध हरपली तर मात्र समुपदेशन बाजूला ठेवून थेट १०८ची रुग्णवाहिका बोलवा.

चहातून गुपचूप औषध देऊ नका

"रोग्याच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिराती बसस्थानकाच्या भिंतींवर आजही दिसतात. त्या पुड्यांत काय असते ते पुडीवर लिहिलेले नसते. डायसल्फिराम नावाचे एक खरे औषध आहे. ते घेऊन वर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, श्वास लागतो, रक्तदाब घसरतो. त्याचा परिणाम गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ज्याला गोळीची कल्पना आहे, तो या भीतीने दारूपासून दूर राहतो, म्हणून औषध उपयोगी पडते. ज्याला कल्पनाच नाही, तो नेहमीप्रमाणे पिणार आणि कदाचित प्राणाला मुकणार. हे औषध संमतीने, तपासण्या करून, डॉक्टरांनी सुरू करायचे असते. दारूची ओढ कमी करणारी नालट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट यांसारखी औषधेही आहेत. कुणाला कोणते चालेल ते यकृत, मूत्रपिंड आणि इतर आजार पाहून ठरते.

कोंडणे आणि मारणे म्हणजे उपचार नव्हे

काही खासगी केंद्रांत रात्री गाडी येते, माणसाला उचलून नेते, महिनोन् महिने भेटू देत नाहीत, असे प्रकार कानावर येतात. घरच्यांनी येथे सावध असावे. २०१७ सालच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मनाचे विकारही येतात. या कायद्याने साखळदंडाने बांधण्यास मनाई आहे. रोग्याला अमानुष वागणूक न मिळण्याचा, घरच्यांशी संपर्काचा, स्वतःची वैद्यकीय कागदपत्रे पाहण्याचा आणि गुप्ततेचा हक्क आहे. रोग्याची संमती नसताना भरती करायची तर त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असणे यांसारखी कारणे लागतात, दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते आणि तिला मुदतही आहे. म्हणून केंद्रात पाय ठेवताच तीन प्रश्न विचारा: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का? मनोविकारतज्ज्ञ केव्हा येतात? आम्हाला भेटता येईल का? उत्तरे टाळली तर मागे फिरा.

घरच्यांसाठी चार शब्द

व्यसनी माणसाच्या घरात आजारी एकच नसतो. पत्नी, मुले, म्हातारे आईवडील सगळेच त्यात होरपळतात. चढलेली असताना वाद घालू नका, बोलायचे ते सकाळी, शांतपणे बोला. उधारी फेडत राहणे, कामावर खोटे निरोप देणे यांनी त्याचे व्यसन सोयीचे होते, ते हळूहळू थांबवा. मारहाण होत असेल तर ती आजाराच्या नावाखाली सहन करू नका. महिलांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. आणि तो बरा व्हायला तयार नसला तरी तुम्ही स्वतः सल्ला घ्यायला एकट्या जाऊ शकता.

वाचकांचे नेहमीचे प्रश्न

प्रश्न: एकदा उपचार घेतले, पण पुन्हा पिऊ लागले. आता उपयोग काय?
उत्तर: मधुमेह वाढला म्हणून आपण औषध सोडतो का? व्यसन हा पुन्हा डोके वर काढणारा आजार आहे. घसरण झाली तर त्याच आठवड्यात परत या. पूर्वीचा चांगला काळ वाया गेलेला नसतो.

प्रश्न: रोजच्याऐवजी फक्त सणाला घेतली तर?
उत्तर: ज्याला एकदा पक्के व्यसन जडले आहे, त्याच्यासाठी पहिला पेला न घेणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग. बहुतेक घसरणी लग्न, जत्रा आणि पोळा अशा "आजच्या दिवस घे रे" म्हणणाऱ्या दिवशी होतात. आग्रह करणाऱ्या मित्रांनी हे लक्षात ठेवावे.

प्रश्न: औषध संपल्यावर पुढे काय?
उत्तर: शरीरातून दारू जायला आठवडा पुरतो, मनातून जायला पुष्कळ वेळ लागतो. समुपदेशन, नियमित फेरतपासणी आणि व्यसन सोडलेल्यांचा गट यांची गरज असते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही १९३५ साली अमेरिकेत दोन मद्यपींच्या भेटीतून सुरू झालेली चळवळ आज महाराष्ट्रातल्या अनेक गावांत मराठीतून सभा घेते. फी नसते, आडनाव विचारत नाहीत.

प्रश्न: आकडी आल्यावर काय करावे?
उत्तर: कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा, तोंडात चमचा, पाणी काहीही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, १०८ला फोन करा.

सुरुवातीला सांगितलेले गृहस्थ नऊ दिवसांनी घरी गेले. दिवाळीत मेहुण्याच्या आग्रहाने त्यांनी पुन्हा घेतली. पत्नीने या वेळी देवऋषी शोधला नाही, तिसऱ्या दिवसाची वाटही पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एस.टी.ने ती त्यांना घेऊन सिव्हिलला हजर झाली. त्यानंतर दर महिन्याला दोघे जोडीने येतात. गळ्यात माळ तीच आहे, खिशात घडी घातलेला केसपेपर आहे.

आपल्या घरात, भावकीत, आळीत असे कुणी असेल तर या लेखाचे कात्रण काढून ठेवा. ते वाचून दाखवायला योग्य वेळ म्हणजे संध्याकाळ नव्हे, सकाळ. आणि "सोडतो" असे तो ज्या दिवशी म्हणेल, त्या दिवशी त्याला शपथ घालण्याआधी रुग्णालयाची वाट दाखवा.